कातडी कोणाची?

१

माझ्यासमोर स्टुलावर बसलेल्या बाईला कुष्ठरोग नव्हता. आणि लॅबमधल्या तिच्या नावाच्या तपासणीच्या काचेवर कुष्ठरोगाचे जंतू खचाखच भरलेले होते.

आता या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील, तर एक तर मी वेडी आहे, नाहीतर कोणीतरी बदमाश आहे. मी तापट आहे, तोंडाळ आहे, पण वेडी नाही.

मी कातडीची डॉक्टर. या सरकारी दवाखान्यात नुकतीच बदलून आले. कानाची पाळी चिमट्यात धरून तपासणीचा रस काढते, म्हणून पेशंट माझ्या माघारी मला चिमटाबाई म्हणतात. तोंडावर म्हणायची त्यांच्यापैकी कोणाची छाती नाही.

ही बाई सगळे पेशंट गेल्यावर आत आली आणि दाराशीच उभी राहिली. ओढणी नाकापर्यंत ओढलेली.

"बस."

"नको बाई. स्टूल खराब होईल."

"सरकारी स्टूल आहे, ते जन्मापासून खराबच आहे. बस म्हटलं ना!"

बसली. मग तिने एकच प्रश्न विचारला. घरून पाठ करून आली असावी. "गोळ्या सुरू होऊन बरेच महिने झाले. मी माझ्या मुलीला जवळ कधी घेऊ?"

मुलगी पाच वर्षांची, लाडाने तिला खारू म्हणतात. रोग निघाल्यापासून आई मागच्या खोलीत, ताटवाटी वेगळी, आणि मुलगी पुढच्या घरात. मुलगी दारापर्यंत येते, पण उंबरा ओलांडत नाही. आजोबांनी तिला सांगून ठेवलंय, आईला हात लावला की बोटं गळून पडतात. येत्या सोमवारी गाडी यायची होती. सासऱ्यांनी लांबच्या एका आश्रमात सुनेची सोय केली होती, कायमची.

"तिथून परत पाठवतात का हो, बाई?"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत हा रोग दुसऱ्याला लागायचा थांबतो, एवढं साधं वाक्य तिला कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगायला मी तोंड उघडलं, आणि माझी नजर तिच्या भुवयांवर गेली. दाट, काळ्याभोर, टोकापर्यंत शाबूत. कागदावर लिहिला होता एवढा रोग अंगात असेल तर भुवयांची टोकं झडायला लागतात, कानाच्या पाळ्या जाड होतात. हिच्या पाळ्या कागदासारख्या पातळ.

"डोळे मीट," मी म्हटलं. "कापूस लागेल तिथे बोट ठेव."

मानेखाली, खांद्यावर तो फिकट डाग होता. शेजारी तपासणीसाठी कातडीचा तुकडा काढल्याची टाक्याची खूण. मी कापसाचं टोक डागावर टेकवलं. बोट तिथेच आलं. डागाच्या कडेला, मध्यभागी, तळहातावर, पावलावर, सगळीकडे बोट बरोबर आलं. कोपराच्या आतल्या बाजूची नस मी चाचपली, गुडघ्याजवळची चाचपली. काहीही जाड नाही, दुखरं नाही. डाग खरवडला तर कोंड्यासारखा भुसा पडला. तो भिंगाखाली धरला, आणि दिसली बुरशी. शिबं! घामाने होतात ती साधी शिबं!

बधिर डाग, जाड झालेली नस, कातडीत जंतू. या रोगाची ओळख या तीन गोष्टींवरून होते. पहिल्या दोन हिच्या अंगावर नव्हत्या. तिसरी फक्त कागदावर होती.

"तुकडा कोणी काढला?"

"थोरल्या भाऊजींनी. ते सर्जन आहेत, त्यांचं हॉस्पिटल आहे. डाग पहिल्यांदा त्यांनीच ओळखला. गोळ्याही इथून तेच नेतात आणि मला पुड्या बांधून देतात. फार करतात हो ते माझ्यासाठी."

"गोळी घेतल्यावर लघवी लाल होते?"

ती लाजली. "नाही. पिवळीजर्द होते."

तिच्या पिशवीत एक पुडी होती. मी ती हुंगली आणि माझ्या खणात टाकली.

"घरी जा," मी म्हटलं. "आणि मी येईपर्यंत कोणाला काही बोलू नकोस."

२

पॅथॉलॉजिस्टला आम्ही काचवाला म्हणतो. सबंध जन्म काचेच्या पट्ट्यांवर कातडीचे काप बघण्यात गेला. लग्नाच्या मुलीही भिंगाखाली घालून पाहिल्या असाव्यात, म्हणून बिचारा तसाच राहिला.

"चिमटाबाई, माझी काच खोटं बोलत नाही," मी लॅबमध्ये गेल्यागेल्याच त्याने सुनावलं.

"नसेल बोलत. पण ती बोलतेय कोणाबद्दल?"

त्याने काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली. जंतू होते. लाल रंगाचे, काडेपेटीतल्या काड्यांची जुडगी बांधावीत तसे. एका बारीक नसेला त्यांनी चहूबाजूंनी घेरलं होतं. रोगाबद्दल शंकाच नको.

"तुकडा कुठला म्हणून लिहिलंय?"

"बाईच्या मानेखालचा."

"मग जरा खाली सरक. हे काय आहे?"

तो बघत राहिला. कातडीत केसांची मुळं होती. जाड, खोल गेलेली, एकमेकांना खेटून. बाईच्या पाठीवर असते ती लव वेगळी. हे म्हणजे भाताच्या खाचरात ऊस लावल्यासारखं होतं.

"आणि वरची टोकं बघ," मी म्हटलं.

प्रत्येक केस कातडीच्या पातळीला सपाट कापलेला होता.

"वस्तरा फिरवलाय," काचवाला हळूच म्हणाला. "तुकडा काढायच्या आधी."

"तुझ्याकडे अदलाबदल झाली असेल."

हे ऐकून स्वारी भडकली. त्या सुमाराला कुष्ठाचा दुसरा तुकडा लॅबमध्ये आलेलाच नव्हता. बदलणार कशाशी? बाटली सर्जनकडून बंद होऊन आली होती आणि त्याने स्वतःच्या हाताने ती उघडली होती. म्हणजे जे काही झालं ते बाटलीचं बूच लागण्याआधी झालं.

"म्हणजे कोणीतरी दाट केसांचा माणूस हा रोग अंगात घेऊन हिंडतोय," मी म्हटलं, "आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही नाही."

काचवाल्याने डोळ्यावरून चष्मा काढला. "किंवा," तो म्हणाला, "अगदी नीट पत्ता आहे."

३

पेशंटच्या घरातल्या सगळ्यांना तपासायचं, असा आमचा नियमच आहे. त्याचं निमित्त करून मी दुसऱ्या दिवशी त्या घरी गेले.

घर खाऊनपिऊन सुखी. पुढच्या खोलीत तीन पुरुष बसले होते. सासरे, खारूचा बाप आणि थोरला सर्जन. खारू सर्जनच्या मांडीवर बसून त्याच्या शर्टाच्या बटणाशी खेळत होती. आई मागच्या दाराच्या चौकटीत उभी. तिच्या आणि मुलीच्या मध्ये सगळी खोली होती.

बापाची बेकरी. त्याच्या दहाही बोटांवर भाजल्याचे डाग होते, जुने आणि ताजे. चटका कळत नाही म्हणून हात भाजत राहतात, ही या रोगाची जुनी खूण आहे. शिवाय गडी अंगाने केसाळ.

सासरे चहाचं सांगायला उठून आत गेले, परत येताना त्यांची एक चप्पल दारातच राहिली, आणि म्हाताऱ्याला ते कळलंच नाही. अनवाणी पाय टाकत तसेच येऊन खुर्चीत बसले. हीसुद्धा खूणच.

चहा आला. स्टीलचे पेले, काठोकाठ भरलेले, धरवेनात. मी माझा टेबलावर ठेवला. सासऱ्यांनी साखरेचा म्हणून परत पाठवला. बेकरीवाल्याने 'हाय हाय' करत पेला खाली ठेवला आणि बोटं कानाच्या पाळीला लावली. सर्जन डाव्या हातातला पेला तसाच धरून माझ्याशी बोलत होता.

"मॅडम, तुम्हीच बाबांना समजवा. तिला आश्रमात कशाला पाठवायचं? इथे गोळ्या वेळेवर मिळताहेत. कोर्स संपेपर्यंत तरी राहू द्या."

"बघा," म्हातारा म्हणाला. "याला तिचा कळवळा. अहो, स्वतःच्या बायकोपोरांचा संसार नाही याला, भावाच्याच पोरीत जीव. दिवसभर हॉस्पिटल आणि सकाळी टेनिस. पूर्वी कसा गोरापान होता, उन्हात पार रापलाय."

"तुमचं काय म्हणणं?" मी बेकरीवाल्याला विचारलं. "बायकोला घालवायचीय?"

त्याने मान खाली घातली. "गिऱ्हाइकांना कळलं तर माझा पाव कोण घेईल? मी काय करू, बाई? बाबा म्हणतील तसं."

असल्या नवऱ्याला खरं तर भट्टीतच घालायला हवा. पण मी कापूस काढला. त्याला डोळे मिटायला लावले. भाजलेल्या बोटांनासुद्धा कापूस कळला, एकदाही चूक नाही. कोपराची नस बारीक. गडी निव्वळ धांदरट होता, गरम पत्रे हाताने ओढायचा.

म्हाताऱ्याच्या पायांना कापूस कळला नाही. पण दोन्ही पाय सारखेच बधिर, मोजे घातल्यासारखे, खालून वर. कुष्ठरोग असा शिस्तीत येत नाही. तो इथे एक डाग, तिथे एक नस, असा येतो. म्हाताऱ्याची साखर बोलत होती. आणि त्याच्या अंगावर केस औषधालाही नव्हता.

"तुम्ही, डॉक्टर?"

"माझी मी तपासणी केलीय," सर्जन हसून म्हणाला. बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. तो उठला, खारूला खांद्यावर घेतलं आणि बाहेर गेला.

मागच्या दारातून आई त्या दोघांकडे बघत राहिली. मी तिथे उभी असताना ती रडली नाही.

४

बाटली कशी भरली ते विचारायला मी सर्जनच्या हॉस्पिटलात गेले तेव्हा तो राउंडवर होता. त्याची वाट बघत मी वॉर्डाच्या दारात उभी राहिले. आत एका पेशंटला दुपारच्या ऑपरेशनसाठी तयार करत होते. नर्स त्याच्या पोटावरून वस्तरा फिरवत होती. एवढासा छेद घ्यायचा होता, पण केस चांगले वीतभर साफ केले होते.

मी तिथेच भिंतीला टेकले. इतका वेळ जे बोचत होतं ते पुढ्यात आलं.

आम्ही कातडीवाले टिचभर तुकडा काढायला कोणाचे केस भादरत नाही. स्पिरिट पुसलं की झालं. वस्तरा फिरवल्याशिवाय ज्याचा हात सुरी उचलत नाही, तो सर्जन. बाटली त्याने भरली, बूच त्याने लावलं.

पण कातडी कोणाची? भावजयीवर डूख धरून त्याने एखाद्या पेशंटचा तुकडा तिच्या नावावर खपवला असता, तर तिला घालवायला तो पहिला पुढे आला असता. हा तर एकटाच तिला ठेवा म्हणत होता. कोर्स संपेपर्यंत. आणि डूख असता तर नेलेल्या गोळ्या कचऱ्यात गेल्या असत्या. या गोळ्या दुकानात मिळत नाहीत, फक्त आमच्या खिडकीवर मिळतात, पेशंटच्या नावाने. त्यातल्या एकीने लघवी लाल होते. दुसरीने कातडी महिन्यामहिन्याने काळवंडते. सुनेची कातडी होती तशीच होती, आणि तिच्या पुडीला बी-कॉम्प्लेक्सचा वास येत होता. मग गोळ्या खात कोण होतं? त्या घरात काळवंडलेला माणूस एकच होता. कढत पेला हातात धरून बसलेलाही तोच.

केबिनचं दार मी आतून लावलं.

"डॉक्टर, डावी बाही वर करा."

त्याने आधी बंद दाराकडे बघितलं. मग त्याने स्वतःच बटण काढलं. मनगटाच्या वर दाट केसांत एक डाग होता, गोळ्यांनी काळपट झालेला, आणि मध्ये टाक्याची खूण. मी कोपर चाचपलं. नस सुतळीएवढी जाड लागली. डोळे मिटायला लावून कापूस फिरवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गप्प होती.

"कापताना भूल नाही घेतली," तो म्हणाला. "सुरी लावली आणि काही वाटलंच नाही. तिथेच समजलो."

"आणि ऑपरेशनं?"

"मोठी असिस्टंटला देतो. मॅडम, तुम्हाला माहीत आहे हा बरा होतो. मलाही माहीत आहे. पण लोकांना कुठे माहीत आहे? उद्या कळलं तर मला कोण पोट उघडू देईल?"

"आणि तिला कोण पोरगी घेऊ देईल?"

"ती घरातच असते. तिचं काय जाणार होतं? वर्षभराचा तर प्रश्न होता."

माझा हात शिवशिवला. आयुष्यात अनेकांना तोंडाने झोडपलंय, हात कधी उचलला नव्हता. त्या दिवशी तो खरोखरच उचलला जाणार होता. मी तो टेबलाखाली दाबून धरला.

"ऐका," मी म्हटलं. "पेशंटचा रोग मी चव्हाट्यावर मांडत नाही, तुमचाही मांडणार नाही. पण तिचा कागद मी आज खोटा ठरवणार, तिच्या घरात जाऊन. तेव्हा कोणीतरी विचारेल, तुकडा कोणाचा. त्याचं उत्तर मी देणार नाही."

"सोमवारपर्यंत वेळ द्या."

"गाडी सोमवारीच यायचीय, डॉक्टर."

५

संध्याकाळी सगळे पुन्हा त्याच खोलीत जमले. मी उभ्याउभ्याच सांगितलं. सुनेला कुष्ठरोग नाही, कधी नव्हता. तिला शिबं आहेत, मलम लावलं की जातील. काचेवरची कातडी तिची नाही.

सून चौकट धरून खाली बसली. ओढणी तोंडावरून सरकली, पण ती वर घ्यायचं तिला सुचलं नाही.

"मग कोणाची?" म्हाताऱ्याने विचारलं.

मी गप्प राहिले. सर्जन खारूला मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसला होता. बेकरीवाल्याने स्वतःचे भाजके हात पुढे धरले आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाला, "माझी का?"

म्हाताऱ्याने खुर्ची मागे सरकवली, पोटच्या पोरापासून. बेकरीवाला बापाकडे बघतच राहिला. बायकोला काय काय सोसावं लागलं असेल ते त्याला तेव्हा कळलं असावं, पण फार उशिरा. मी 'नाही' म्हणणार होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"त्याची नाही. माझी."

सर्जनने बाही वर करून हात दाखवला. मग त्याने सगळं सांगितलं, न थांबता, एखाद्या अनोळखी पेशंटची हकिकत सांगावी तसं. म्हाताऱ्याने उठून त्याच्या मांडीवरून खारूला ओढून घेतलं.

"बाबा, तिला काही होणार नाही," तो म्हणाला. "गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत लागण थांबते. मी तोवर तिला घेतलं नव्हतं. मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

हे सुनेने विचारलं. ती उठून उभी राहिली होती. उंबऱ्याच्या पलीकडेच, पण आता ताठ.

"भाऊजी, म्हणजे मला खरंच रोग असता, तरी मी तिला जवळ घेऊ शकले असते? एवढे महिने? आणि तुम्ही तिला खांद्यावर घेऊन माझ्यासमोरून जात होतात. एक शब्द बोलला नाहीत."

सर्जनने बाही खाली ओढली. काय बोलणार? बोललो असतो तर तू खात्री करायला दवाखान्यात गेली असतीस आणि मी उघडा पडलो असतो, असंच ना!

"मला तुमच्या रोगाचा राग नाही," ती म्हणाली. "तुमचा आहे." आणि नवऱ्याकडे वळून, "तुझाही."

सर्जनचं नाव आता आमच्या दवाखान्यात लागेल, गोळ्या त्याला त्याच्या नावाने मिळतील, बोटांना व्यायाम मिळेल. ती दोन बोटं परत येतील असं मी त्याला सांगितलं नाही, कारण यायची नाहीत. त्याने केलेल्या खोट्या कागदाचा जाब मात्र मी मागणार होते, आणि तसं त्याला तोंडावर सांगितलंही.

आता खारूची तपासणी राहिली होती. घरात रोगी निघाला की पोराला आधी बघायचं. मी तिला स्टुलावर बसवलं. डोळे मीट म्हटल्यावर तिने इतके घट्ट मिटले की नाकाला सुरकुत्या पडल्या.

"कापूस लागेल तिथे बोट ठेवायचं हं."

मी पुडक्यातून कापूस काढला आणि उंबऱ्याकडे धरला.

"मी?" आई घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"मग काय मी? माझे गुडघे दुखतात. ये इकडे."

तिने उंबऱ्यावर पाऊल टाकलं आणि सासऱ्याकडे बघितलं. म्हाताऱ्याने मान फिरवली. ती आत आली, मुलीसमोर जमिनीवर बसली. माझ्या हातातून तिने कापूस घेतला.

"इथे," खारू म्हणाली. गुडघा. "इथे." दंड. "इथे. गुदगुल्या होतात." मान.

काहीही चुकलं नाही. एकही डाग नाही. मी कानाच्या पाळ्या पाहिल्या, नसा पाहिल्या आणि मान हलवली. झालं, पोर ठणठणीत आहे.

आईने कापूस खाली ठेवला. आणि एक बोट मुलीच्या गालाला लावलं.

खारूने गालावर बोट नेलं, ते आईच्या बोटावर आलं. ती थांबली.

"हा कापूस नाही," ती म्हणाली.

आईने हात मागे घेतला नाही. खारूने ते बोट चाचपलं, मग सगळा हात चाचपला, बांगडीपर्यंत. मग तिने तो सोडला, आणि डोळे मिटलेलेच ठेवून स्वतःची बोटं एकेक करून धरून पाहिली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मग दुसऱ्या हाताची.

"सगळी आहेत," ती म्हणाली आणि डोळे उघडले.